पाहणी, निरीक्षण की मूल्यमापन?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. एनसीसी शिबिराच्या अहवालात त्यांनी 'अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाची पाहणी केली' असं लिहिलं होतं. एका माजी सैनिकाने 'पाहणी' खोडून 'मूल्यमापन' लिहिलं. बरोबर काय?

'पाहणी' खोडली हे योग्यच झालं. पाहणी होते ती जागेची आणि व्यवस्थेची. पोलीस आयुक्त पालखी मार्गाची पाहणी करतात, तशी शिबिरातल्या तंबूंची, भटारखान्याची पाहणी होईल. रायफली आणि कागदपत्रांची तपासणी. पण माणसं काम करत असताना त्यांच्याकडे बारकाईने बघत राहणं, हे निरीक्षण. खडकवासल्याला एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) खेत्रपाल मैदानावर दीक्षांत संचलनाचंही निरीक्षण होतं, मात्र तिथे प्रशिक्षण संपलेलं असतं. तो मानाचा भाग.

मूल्यमापन ही वेगळी क्रिया आहे आणि तिला आधी ठरलेला निकष लागतो. काम कोणतं, कोणत्या परिस्थितीत करायचं, कितपत जमायला हवं, हे सरावाआधीच लिहिलेलं असावं लागतं: जखमीला पट्टी बांधायची, अंधारात, अमुक मिनिटांत. अमेरिकी लष्करात त्यावरून 'प्रशिक्षित' ते 'अप्रशिक्षित' अशी श्रेणी देतात. जाणता अधिकारी सराव चालू असताना मध्ये तोंड घालत नाही. जिवाला धोका दिसला तरच थांबवतो, एरवी दिसलं ते वेळेसकट टिपतो. मत नंतर.

(अरबीतल्या 'मुलाहजा'चा अर्थ निरखून पाहणं. मराठीत 'मुलाहिजा' म्हणजे भीडभाड. मूल्यमापन बिघडतं ते नेमकं या दुसऱ्या अर्थाने!)

म्हणून दोन्ही शब्द ठेवा: 'रात्रीच्या सरावाचे निरीक्षण करून ठरलेल्या निकषांवर मूल्यमापन केले.' निकष ठरलेलेच नसतील तर मात्र 'निरीक्षण केले' एवढंच लिहा.

सराव संपल्यावरच्या बैठकीला 'आढावा' म्हणावं का, असंही त्यांनी विचारलंय. आपल्याकडे आढावा वरिष्ठ 'घेतात', बाकीचे माना डोलावतात. लष्करी पद्धतीत मात्र काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं, हे सराव करणाऱ्यांनीच बोलायचं असतं. अधिकारी फक्त प्रश्न विचारून त्यांना बोलतं करतो. तुमच्या शिबिरात कॅडेट बोलले असतील तर 'सरावानंतरची चर्चा' लिहा. एकटे अधिकारीच बोलले असतील तर 'आढावा' चालेल.