मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसचं मेक्सिकन क्रांतीचं संग्रहालय सीमेलगतच्या एल पासोहून (टेक्सस) अर्ध्या दिवसात बघून होईल का? (एच-वन-बी व्हिसावर आहे)

होईल, पण आधी पासपोर्ट उघडून अमेरिकन व्हिसाचा स्टॅम्प बघा. तो चालू असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. स्टॅम्पची मुदत संपली असेल आणि हातात नुसतं आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीचं पत्र) असेल, तर मात्र लागतो. बहुतेकांची गडबड इथेच होते. पायी जाताना पुलाच्या पलीकडच्या टोकाला इमिग्रेशन कार्यालयात स्वतःहून जाऊन नोंद करून घ्या. कोणी अडवत नाही म्हणून लोक तसेच पुढे निघतात.

सीमेवरच्या सांता फे पुलावरून आवेनिदा हुआरेसने सरळ चालत गेलात की साधारण पंधरा मिनिटांत 'मुरेफ', म्हणजे हे संग्रहालय, येतं. सोमवार टाळा.

आत शिरण्याआधी इमारत नीट बघून घ्या, ती जुनी जकात कचेरी आहे. सगळी मेख तिथेच आहे. हुआरेस हाती आलं की जकातीचा पैसा, रेल्वे आणि अमेरिकेतून शस्त्रं आणण्याची वाट, तिन्ही हाती येत. १६ ऑक्टोबर १९०९ ला याच इमारतीत मेक्सिकोचे हुकूमशहा अध्यक्ष पोर्फिरिओ दियास आणि अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट भेटले. दोन वर्षंही झाली नाहीत तोच, २१ मे १९११ च्या रात्री, इथेच बाहेर दियासच्या राजीनाम्याचा करार झाला.

मधली लढाई १९११ च्या ८ ते १० मेची, दियासविरुद्धच्या बंडखोरांनी हुआरेस घेण्यासाठी केलेली. गोळ्या एल पासोत पडून अमेरिका मध्ये पडेल म्हणून बंडखोरांचा नेता मादेरो कचरत होता. त्याचे सेनानी ओरोस्को आणि व्हिया यांनी त्याला न जुमानता सुरुवात केली. रस्त्यावर मशीनगनच्या माऱ्यात सापडायला नको म्हणून बंडखोर मातीच्या घरांच्या भिंती फोडत एका घरातून दुसऱ्यात सरकले. एल पासोकर छतांवरून तमाशा बघत होते, त्यातले काहीजण गोळ्या लागून मेलेही.

करारात गोम होती: बंडखोरांच्या फौजा मोडायच्या, जुनं सरकारी सैन्य मात्र ठेवायचं. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्याच सैन्याच्या सेनापतींनी, तोवर अध्यक्ष झालेल्या मादेरोला संपवलं. नोव्हेंबरात व्हियाने ताब्यात घेतलेल्या आगगाडीत माणसं भरून, खोट्या तारा पाठवत त्या सैन्याकडून हुआरेस पुन्हा घेतलं.

गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे इथे शोधू नका. ते मेक्सिकोला १९२० च्या दशकात पोचले, आणि त्यांचं काम चापिंगोच्या कृषी विद्यालयात.

संग्रहालयाला दोन तास पुरे. परतताना अमेरिकेच्या बाजूची रांग शनिवार-रविवारी संध्याकाळी फार वाढते, म्हणून सकाळीच जा. घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच.