दोन जिने चढलो की धाप लागते. एकट्याने इमॅजिकाला जाणं झेपेल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते असं: वय ४१, वजन ९२ किलो, कारंजा (लाड) जवळ कृषी केंद्र, दिवसभर गल्ल्यावर बैठक, दोन जिन्यांत धाप. रब्बीची घाई ओसरली की तीन दिवस काढून एकट्यानेच खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय, आणि मोठ्या राइडवर जीव घाबरेल का ही धास्ती.

माझं मत, जमेल. फक्त तुमची धास्ती चुकीच्या जागी आहे. मोठी राइड दोन-तीन मिनिटांत संपते आणि तेवढा वेळ तुम्ही बसलेलेच असता. माणूस दमतो तो रांगेत. गर्दीच्या दिवशी एकेका राइडसाठी पाऊण तास उभं राहावं लागतं, आणि दिवसअखेर आठ-दहा किलोमीटर चालणं होऊन जातं, तेही सिमेंटच्या कडक जमिनीवर. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांना याची सवय नसते. उभं राहिलं की रक्त पायांत उतरून साचतं, आणि पोटरी आवळली की तेच वर ढकललं जातं. पोटरी कच्ची आणि पोटात पाणी कमी असलं की रांगेतच डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात राइडने चक्कर आली, पण तिची सुरुवात पुष्कळदा रांगेत झालेली असते.

तिकिटाआधी दवाखाना. या वयात दोन जिन्यांना धाप लागते ती नुसत्या वजनानेच, असं धरून चालू नका. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात बीपी, उपाशीपोटी साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. रक्त कमी असलं तरी अशीच धाप लागते, आणि ते औषधाने सुधारतं. आपल्या विदर्भात आणखी एक तपासणी चुकवू नये, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची. सिकलसेलचा आजार असेल तर पाणी कमी पडणं, अतिश्रम आणि थंड पाण्यात भिजणं या तिन्हींनी हाडं-सांधे असह्य दुखायला लागू शकतात, म्हणून अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. चालताना छातीत दाब येत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर सहलीचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रिपोर्ट ठीक आले की सहा आठवडे द्या. वजन उतरवायच्या मागे लागू नका. सहा आठवड्यांत दोन-तीन किलो गेले तरी रांगेत फारसा फरक पडणार नाही, पायांत दम आला तर मात्र पडेल. पहिले दोन आठवडे पहाटे पांदण रस्त्याने किंवा डांबरी सडकेने २० मिनिटं चाला. वेग असा ठेवा की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४० मिनिटं करा आणि घराचा किंवा मंदिराचा जिना पाच वेळा चढा-उतरा. गुडघे दुखले तर वेग कमी करा, चालणं बंद करू नका.

सगळ्यात जास्त लोक चुकवतात तो भाग म्हणजे उभं राहण्याचा सराव. दुकानात रोज गिऱ्हाइकांच्या वेळेत सलग अर्धा तास उभे राहा. काउंटरला बोटं टेकवून टाचा उचला, चवड्यांवर दोन सेकंद थांबा, सावकाश खाली या. असं १५ वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या धरतील, ते चालतं. हीच हालचाल पुढे रांगेत दर पाच मिनिटांनी करायची आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, ज्या बुटांत आणि ज्या पिशवीनिशी जाणार आहात तीच घेऊन, आठवडी बाजारात दोन तास न बसता फिरा. त्यातून पाय कुठे सोलतो ते घरीच कळतं.

प्रवासाचा बेत निम्मी लढाई आहे. रात्रभर गाडी, दिवसभर पार्क, पुन्हा रात्रभर गाडी असा बेत पंचविशीतल्या पोरालाही मोडतो. समृद्धी महामार्गाने जाणारी ट्रॅव्हल्स कारंजाहून सोयीची वाटेल, पण बसमध्ये लघवीची सोय नसते म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि सुकलेल्या अंगाने दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहतात. त्यापेक्षा रेल्वे बरी. अमरावती-मुंबई एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून घ्या, खालचा बर्थ मागा, पहाटे कल्याणला उतरा. मुंबईपर्यंत जायचं काही कारण नाही. कल्याणहून खोपोलीची थेट लोकल मिळते, पण त्या मोजक्याच. कर्जतच्या पुष्कळ, कर्जतला बदलून पुढे खोपोली. कल्याणच्या पुलावर बॅग घेऊन धावू नका, सरकता जिना किंवा लिफ्ट शोधा. पहिला दिवस खोपोलीत लॉजवर फक्त झोप, जेवण आणि संध्याकाळी अर्धा तास पाय मोकळे करणं. पार्क दुसऱ्या दिवशी. स्टेशनहून पार्क काही किलोमीटर आहे, पाली रस्त्यावर. रिक्षाचा भाव बसायच्या आधी ठरवा आणि परतीचीही तिथेच बोलून ठेवा.

वार मंगळवार ते गुरुवारमधला घ्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली मधल्या वारीही येतात, म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला जास्त पटतो. थीम पार्क आणि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी असतात. तुम्ही पहिल्या खेपेला दोन्ही घेऊ नका. वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांना प्रत्येक वेळी जिना चढावा लागतो, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे.

‘आपण ४५ डिग्रीतले माणसं’ या भरवशावर राहू नका. आपलं ऊन कोरडं असतं, घाम लगेच उडतो आणि अंग निवतं. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, कोकणच्या दमट हवेत. तिथे घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि ३२ डिग्रीतही माणूस गळतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पेलाभर पाण्यात कालवून प्यायलं तर क्षार जास्त होऊन उलट मळमळतं. लिटरची बाटली भरा, पाकीट पूर्ण टाका, घोट घोट दिवसभर प्या. साखरेचा आजार निघाला तर डॉक्टरांना विचारूनच. बाहेरचं खाणं बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी पोहे-अंडी असं पोटभर खाऊन जा. गोळ्या मूळ पाकिटासकट ठेवा.

दरवाजा उघडताच पाय ताजे असताना मोठ्या राइड उरका. नायट्रो हा तिथला मोठा रोलर कोस्टर, पायांखाली फळी नसलेला. त्याला खांद्यांवरून खाली येणारा जाड पट्टा असतो आणि तो खालच्या बकलात अडकल्याशिवाय गाडी सुटत नाही. ९२ किलो म्हणजे आपोआप नकार असं नाही. अडचण वजनाची कमी, छाती-पोटाच्या घेराची जास्त. कमरेचा मागचा भाग पाठीला पूर्ण टेकवून ताठ बसा, श्वास सोडा आणि मग पट्टा खाली ओढा. पुढे सरकून बसलं की पोट आडवं येतं आणि बकल दोन बोटांवर राहतं. तरीही लागलं नाही तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका, तुमच्याच जिवाची गोष्ट आहे. बाहेर नमुन्याची सीट ठेवली असेल तर रांगेत लागण्याआधी तीत बसून बघा, तासाभराचं उभं राहणं वाचेल. चालू राइडमध्ये डोकं मागे टेकलेलं, दात मिटलेले, नजर समोर. डोळे मिटले की कानाला फिरल्याचं कळतं आणि डोळ्याला नाही, त्यातून काहींची मळमळ वाढते.

दुपारी १२ ते ४ छताखालच्या, एसीतल्या, बसून पाहायच्या गोष्टी. जेवणानंतर तासभर हलणाऱ्या खुर्च्यांचे सिम्युलेटर नकोत. एकटं असण्याचा एक फायदा आहे: जोड्या बसवताना एखादी जागा रिकामी उरते, तेव्हा ‘मी एकटा आहे’ असं हात वर करून सांगा, कधी कधी पुढे घेतात. धोकाही एकटेपणाचाच. मोबाइल लॉकरमध्ये असेल, म्हणून नाव, रक्तगट, चालू गोळ्या आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. आत शिरताच प्रथमोपचाराची खोली कुठे आहे ते विचारा.

कपड्यांत जीन्स नको. डायनासोरच्या बोटीच्या राइडला पाणी उडतं, आणि ओली जीन्स दोन तासांत मांड्या सोलून काढते. आतून सायकलवाल्यांची घट्ट चड्डी, नाहीतर मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलिन. बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत. शेगावला पायी जाणाऱ्या कुणालाही विचारा, टाच लाल होऊन चुरचुरायला लागते तेव्हाच थांबायचं असतं. मोजा काढा, जागा कोरडी करा, मायक्रोपोरची पट्टी सुरकुती न पडू देता लावा, कोरडा मोजा घाला. फोड आलाच तर फोडू नका.

पार्क संपवून त्याच रात्री कल्याणला गाडी गाठायचा बेत नको. आणखी एक रात्र लॉजवर राहा, पाय उशीवर उंच ठेवून झोपा. परतीच्या गाडीत तासातासाला उठून डब्याच्या टोकापर्यंत फेरी मारा. दोन्ही पोटऱ्या दुखतील, ते स्वाभाविक; एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा एकदम श्वास लागला तर ती शिरेत रक्त गोठल्याची खूण असू शकते, घरी न जाता थेट दवाखान्यात जा. तसं काही नसेल तर दोन दिवस रोजचं २० मिनिटं चालणं चालू ठेवा, आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोण्या तेवढे दिवस पोराला उचलू द्या.