जागांचा तक्ता शेवटी टाक

प्रिय मित्रा,

शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) घसरणीवरचा तुझा मसुदा वाचला. विधानसभेच्या 1978 च्या 13 जागा, 2014 च्या 3, 2019 ची 1 अशी उतरंड लावलीस आणि मोकळा झालास. 2004 ला पक्षाच्या 2 जागा आल्या तेव्हा मीही हेच केलं होतं, थेट मृत्युलेखच लिहिला. 2009 ला दोनाच्या चार झाल्या आणि माझं हसं झालं.

जागा मोजण्याआधी माणसं मोज. कोण कधी गेलं आणि कुठे गेलं? 1947 मध्ये काँग्रेसला शेटजी-भटजींचा पक्ष म्हणत शेकाप काढणारे केशवराव जेधे 1957 ला बारामतीतून लोकसभेवर गेले ते काँग्रेसच्याच तिकिटावर. मधल्या दहा वर्षांत काय घडलं, तिथे तुझा लेख आहे. पक्षाची वैचारिक भूमिका मांडणारा 1950 चा दाभाडी प्रबंध मिळवून वाच. मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारल्यावर काहींना पक्ष फार लाल वाटू लागला, काहींना पुरेसा लाल वाटेना. दोन्हीकडून गळती. पुढे यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं, म्हणजे विरोधकांना काँग्रेसमध्ये ओढलं, त्यात शेकापची वजाबाकी होती. रोजगार हमीसारख्या मागण्यांसाठी विरोधी बाकांवरून शेकापवाले भांडले, पण योजना सुरू झाली ती काँग्रेसच्या राजवटीत. मागणी मान्य झाली की मागणाऱ्याचं काम संपतं, याचं उत्तर त्या पक्षाला कधीच सापडलं नाही, असं माझं मत.

रायगडचा भाग मात्र तू दोन ओळींत उरकलास, तो वाढव. नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये शेकापच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. त्यातूनच गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. आता त्याच शिवारात टॉवर आहेत, आणि त्यात राहणाऱ्याला खटारा हे शेकापचं निवडणूक चिन्ह होतं हेही ठाऊक नाही. लढा जिंकला आणि मतदार हरवला. खुद्द दि. बा. पुढे शिवसेनेत गेले. याला फक्त गद्दारी म्हणून सुटू नकोस.

तालुक्याच्या जुन्या कार्यकर्त्यांकडे जा. नेत्यांच्या मुलाखती नंतर घे. माझ्या ओळखीचे एक भाई होते (शेकापमध्ये सगळेच भाई), संध्याकाळी कंदील लावून लोकांचे सातबाऱ्याचे अर्ज लिहीत. कार्बन पेपर तीनदा वापरायचे, चौथी प्रत हाताने. आपल्या भागात पक्ष कधी खचला, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘अर्ज लिहायला माझ्यानंतर कोणी बसलं नाही तेव्हा.’’ निवडणुकीचं साल त्यांनी सांगितलंच नाही.

आणि सोलापूर जिल्ह्यातलं सांगोला. शेकापचे गणपतराव (आबासाहेब) देशमुख तिथून अकरा वेळा आमदार झाले, पण 1972 आणि 1995 ला पडलेही. ते पडल्यावर काय करत होते, हे विचार. 2019 ला ते उभे राहिले नाहीत आणि नातू 768 मतांनी हरला. 2024 ला दुसरा नातू निवडून आला. हे मत पक्षाला की आबासाहेबांच्या घराला? मला दोन्हीकडचे लोक भेटले आहेत, माझं ठरलेलं नाही. तू चार गावं फिरून मग लिही.

दुसरा मसुदा दिवाळीआधी पाठव.

तुझा,
काका