‘फाइन’ म्हणून घेतलं आणि नाणं गुळगुळीत निघालं!

प्रश्न : मी एका डीलरच्या लिस्टमधून १९१८चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया मागवला, समोर ‘एफ’ लिहिलेलं, विचारलं तर म्हणाले फाइन, म्हटलं मस्तच असणार. हातात आला तर राजाची दाढी निम्मी गायब. फसलो का? आणि हे व्हीएफ, एयू, एमएस नेमकं काय असतं? आजीच्या डब्यातले काळे पडलेले रुपये पण आहेत, ते चिंचेने घासून मग ग्रेडिंगला देऊ का?

उत्तर : नाही हो, फसला नाहीत. नाणेवाल्यांच्या भाषेत फाइन म्हणजे भरपूर झिजलेलं पण ओळखू येणारं, त्याच्याही खाली व्हीजी (व्हेरी गुड) आणि जी (गुड) असतात. वर चढत गेलात की व्हीएफ (व्हेरी फाइन), मग एक्सएफ (एक्स्ट्रिमली फाइन, काही लोक ईएफ लिहितात, एकच ते), मग एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), म्हणजे झीज फक्त उंच जागांवर आणि तीही अगदी पुसट, आणि मग यूएनसी (अनसर्क्युलेटेड), जे चलनात फिरलंच नाही असं. या अक्षरांपुढे लिहितात ते आकडे १ ते ७० च्या शेल्डन स्केलवरचे. विल्यम शेल्डनने ते १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी बनवलं, आता जगभर चालतं. फाइन १२ पासून, व्हीएफ २० पासून, एक्सएफ ४०, एयू ५०, आणि ६० पासून पुढे एमएस (मिंट स्टेट, म्हणजे यूएनसीच). पीएफ मात्र झिजेची पायरी नाही, ते खास पॉलिश केलेल्या साच्यांतून पाडलेलं प्रूफ नाणं.

तुमच्या रुपयावर ग्रेड स्वतःच बघा ना, भिंग घ्या आणि मुकुटाचे मणी, कानाच्या आसपासचे केस, दाढी आणि झग्यावरचा छोटा हत्ती तपासा. उंच भाग आधी झिजतो. (१९११च्या रुपयावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून गदारोळ झाला आणि १९१२ला तो बदलला, त्यामुळे १९११वाला सापडला तर नीट जपा.) डीलरची ग्रेड हे त्याचं मत असतं, विकणारा अर्धी पायरी वर चढवणारच, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नका.

आणि चिंच? अजिबात नको!! काळपटपणा म्हणजे टोनिंग, तो ग्रेडिंगवाल्यांना चालतो, कधीकधी आवडतोसुद्धा. घासलं की पृष्ठभागावर बारीक रेघा उठतात, नाणं तिरपं धरून फिरवलं की फिरणारी ती मूळ चमक कायमची जाते, आणि एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांकडे पाठवलंत तर आकड्याऐवजी ‘डिटेल्स, क्लीन्ड’ असा शेरा येतो, भाव धाडकन खाली. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातही ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.

बाकी १९१८चा रुपया भरपूर मिळतो, एफ ग्रेडमध्ये त्याची किंमत मुख्यतः चांदीचीच, ११.६६ ग्रॅम आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. त्याच्याहून फार जास्त दिले नसतील तर ठेवून द्या.