नेदरलँड्सच्या शेतीचं पुढे काय होईल?

शेती टिकेल, गुरं मात्र कमी होतील, असं मला वाटतं. खरी अडचण शेणाची आहे. आपल्याकडे शेणखत विकत घ्यावं लागतं; तिथे जास्तीचं शेण उचलून न्यायला शेतकरीच पदरचे पैसे मोजतो. जास्त शेणखत टाकू देणारी युरोपीय संघाची सवलत २०२५ अखेर संपली, त्यामुळे आता शेणखतातून हेक्टरी १७० किलोच नत्र देता येतं. त्यातच नत्राच्या प्रदूषणावरच्या २०१९ च्या न्यायालयीन निकालाने नवे गोठे परवान्यात अडकले. लहान दूधवाल्यांची मला फार काळजी वाटते, कर्ज काढून गोठे बांधलेत त्यांनी.

हेग शहराजवळच्या वेस्टलँड भागातली काचघरं मात्र तगतील. तिथे टोमॅटो मातीविना वाढतो, परागीभवनाला भुंगे सोडतात. २०२२ मध्ये गॅस कडाडला तेव्हा ती हादरली होती. आता जमिनीखालच्या गरम पाण्यावर तापवणं वाढतंय.