डब्लिनला येऊन राहिला तर स्ट्यू शिकूनच घे

तू विचारलंस की सप्टेंबरमध्ये मास्टर्सला डब्लिनला येतोय, चहा-मॅगीपलीकडे काही येत नाही, तर कुकर आणू का आणि तिथलं ते बीफ स्ट्यू रूमवर जमेल का. जमेल रे भाऊ, आणि मी तर म्हणते पहिलं हेच शीक, रविवारी एक भांडं केलं की बुधवारपर्यंत जेवणाची चिंता नाही.

आधी कुकरचं. बऱ्याच रूमवर गॅस नसतो, इंडक्शन नाहीतर हॉट प्लेट असते, आणि आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. स्ट्यूला तो लागतही नाही, घट्ट झाकणाचं जाड बुडाचं पातेलं इथंच घे. सामानात सावजी मसाला आण, पण तूप, पेढे, खव्याची संत्रा बर्फी नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत.

आता मांस. महागडं स्टेक घेऊन शिजवत बसू नको, त्यात कोलॅजन, म्हणजे मांसातले चिवट तंतू, कमी, ते कोरडंच होतं. खांद्याचं किंवा पायाच्या नळीचं घे, दुकानात स्ट्यूइंग बीफ किंवा शिन म्हणून मिळतं, स्वस्तही असतं. त्यातलं कोलॅजन मंद आचेवर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, पायाचा रस्सा ओठांना चिकटतो ना, तेच. आपल्याकडे २०१५च्या कायद्यानं बैलाचंही बंद झालं, त्यामुळे तू कधी खाल्लं नसशील, आणि घरी चालत नसेल तर बिलकुल मनाला लावून घेऊ नको, लॅम्बचा खांदा घे, मूळचं आयरिश स्ट्यू मेंढीच्या मटणाचंच, फक्त वेळ थोडा कमी लागतो.

साधारण ७०० ग्रॅमचे मोठे तुकडे किचन पेपरनं कोरडे कर, मीठ-मिरी लाव, तेल कडक तापव आणि दोन-तीन घाण्यांत चांगले तपकिरी भाज, सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस नुसतं उकडतं. खिडकी उघडी ठेव बापा, इथले स्मोक अलार्म फार हळवे असतात. तुकडे काढून त्याच तेलात दोन कांदे, लसूण, चमचाभर टोमॅटो प्युरी, चमचाभर मैदा परतून घे, अर्धा चमचा सावजीही इथंच. मग थोडं पाणी घालून बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घे, ते घासून टाकायचं नाही, खरी चव तिथंच आहे.

मांस परत टाक, स्टॉक क्यूब (रस्स्याची तयार वडी), तेजपान, मांस जेमतेम बुडेल इतकं पाणी. उकळी आली की आच एकदम बारीक, मधूनच एखादा बुडबुडा यावा, खळखळ नको. हॉट प्लेट आच कमी केली तरी बराच वेळ तापलेली राहते, तेव्हा पातेलं थोडं बाजूला सरकव. दीड तासानं बटाटे-गाजर टाक, आधी टाकले तर गाळ होतो, आणि अजून पाऊण तास. चमच्यानं दाबलं की तुकडा सुटला पाहिजे, नाही सुटला तर आच वाढवू नको, वेळ वाढव.

उरलेलं दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाक. दुसऱ्या दिवशी अजून मुरतं, घट्टही होतं, गरम करताना थोडं पाणी घाल, ब्रेडसोबत खा नाहीतर भातावर घे. रूम ठरली की शेगडीचा फोटो पाठव, कोणतं पातेलं चालेल ते सांगते.