किरणोपचार चालू असताना नातवंडांना आजोबांजवळ जाऊ द्यावे का?

आपल्या वडिलांच्या घशाच्या कर्करोगावर यंत्राने बाहेरून किरणोपचार चालू आहेत, तेव्हा नातवंडांना त्यांच्यापासून दूर ठेवावे का आणि सगळी मात्रा एकदाच का देत नाहीत, असे आपण विचारले आहे. नातवंडांना खुशाल त्यांच्या मांडीवर बसू द्या.

परळच्या टाटा रुग्णालयातले उपचार संपवून माझी आई चवथीला फोंड्याच्या मूळ घरी आली, तेव्हा थोरल्या काकांनी फर्मावले की तिच्या अंगात किरण भरलेले असल्याने तिने नेवऱ्या (करंज्या) करायला बसू नये आणि माझ्या भावाच्या तान्ह्या मुलीला घेऊ नये. आईने काही न बोलता ते मानले आणि त्या चवथीत तिचे ताटही वेगळे वाढले गेले. मी उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, तरीही थोरल्यांपुढे माझे कोणी ऐकून घेतले नाही.

काकांचे म्हणणे निखालस चूक होते. या यंत्रात वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळून क्ष-किरण निर्माण होतात आणि यंत्र बंद होताच, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसे, तेही उरत नाहीत. घशासाठी बहुधा ६ मेगाव्होल्टचे किरण वापरतात. शरीरातील कार्बन किंवा ऑक्सिजनचे अणुकेंद्र फोडून त्याला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. कोबाल्टचे यंत्र असले तरी किरण देणारा किरणोत्सारी कोबाल्ट यंत्रातच राहतो. आई आतून भाजली आहे, असेही काका म्हणत; परंतु रोजच्या २ ग्रे (ग्रे हे शरीरात शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेने ऊतींचे तापमान एक हजारांश अंशानेही वाढत नाही. इजा होते ती पेशीतील डीएनएला: किरण पाण्याचे रेणू फोडतात, त्यांतून निघालेले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे, डीएनएचे धागे तोडतात, आणि दोन्ही धागे एकमेकांच्या जवळ तुटले की कर्करोगाची पेशी विभागताना मरते. यात दुसऱ्याला लागण्यासारखे काहीही नाही.

एकदाच मात्रा न देण्याचे मुख्य कारण असे की निरोगी पेशी काही तासांत बरीच दुरुस्ती करून घेतात आणि कर्करोगाच्या पेशींना ती तितकी साधत नाही.

मात्र थायरॉईडसाठी आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन पाजले असेल किंवा किरणोत्सारी कण शरीरात कायमचे बसवले असतील, तर अंतराचे नियम खरे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. त्या आयोडीनचा अर्धायुकाल, म्हणजे त्याची किरणोत्सारिता निम्मी होण्याचा काळ, सुमारे ८ दिवसांचा असतो. तसेच या उपचारात तोंड सोलवटते आणि अशक्तपणा येतो, म्हणून सर्दी-ताप असलेल्या मुलाला दूर ठेवावे, पण ते आजोबांना जपण्यासाठी.

उपचाराचा प्रकार डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि घरातील कोणी थोरला आडवा आलाच, तर वडिलांचे ताट वेगळे करण्याआधी त्याने तो कागद वाचावा, असे त्याला सर्वांसमोर सांगा.